तोंडातला पांढरा चट्टा: बघायचा कसा, थांबायचं किती, दाखवायचं कधी

‘तोंड आलंय, काहीतरी द्या.’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू येतं, ते कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारा. त्यावर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि चोळायचं जेल मिळतं. खरोखर तोंड आलेलं असेल, म्हणजे लहान, दुखरे, तिखट लागलं की झोंबणारे फोड असतील, तर ते आठ-दहा दिवसांत जातातच. श्रेय गोळ्यांना मिळतं. पण गालाच्या आत पांढरा चट्टा असलेला माणूसही हेच वाक्य बोलतो आणि हेच जेल घेऊन जातो. चट्टा दुखत नाही, म्हणून पुढे वर्षभर विसरूनही जातो.

मी तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवतो. माझ्याकडे येणाऱ्यांचा गोंधळ होतो तो क्रमाचा. आधी औषध लावतात, मग नखाने खरवडून बघतात, मग थांबतात, आणि दुखायला लागलं की दाखवायला येतात. ल्युकोप्लाकिया नावाचा पांढरा चट्टा सहसा दुखत नाही. तो दुखायला लागतो तेव्हा बरेचदा नुसता चट्टा राहिलेला नसतो.

ल्युकोप्लाकिया हे निदान वजाबाकीने होतं. पुसून जात नाही, घासणाऱ्या दाताने किंवा बुरशीने झालेला नाही, दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या आजारात बसत नाही, असा पांढरा चट्टा उरला की त्याला हे नाव देतात. असा चट्टा पुढे कर्करोगात बदलण्याची शक्यता असते. बहुतेक चट्टे तिथवर जात नाहीत, पण कोणता जाईल हे नुसतं बघून सांगता येत नाही. मलाही नाही. खालचे टप्पे त्या वजाबाकीच्याच क्रमाने आहेत.

## टप्पे सोडून थेट कधी जायचं

खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर पुढचं घरचं काहीही करत बसू नका, याच आठवड्यात दाखवा:

- पांढऱ्यात लाल मिसळलेलं आहे, किंवा मखमलीसारखा नुसता लाल चट्टा आहे. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो.
- दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे. दात काढल्यानंतर न भरलेला खड्डाही यातच धरा.
- बोटाने दाबल्यावर कडक लागतं, किंवा हात लावताच रक्त येतं.
- मानेत किंवा जबड्याखाली गाठ आहे.
- ओठ किंवा जीभ बधिर वाटते, गिळताना अडकतं, किंवा चांगला दात कारण नसताना हलायला लागला आहे.

## तयारी

बाथरूमच्या आरशासमोर, ट्यूबलाइटखाली, स्वतःच तोंड उघडून बघणं म्हणजे न बघणंच. घरातलं दुसरं माणूस हवं. एक जण खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसेल, दुसरा मोबाइलचा टॉर्च धरेल.

लागणारं सामान: गाल बाजूला ओढायला स्टीलचे दोन चमचे, मेडिकलमध्ये मिळणारं गॉज किंवा स्वच्छ धुतलेला सुती रुमाल, साबणाने धुतलेले हात, एक वही.

सकाळी, काही खाण्याआधी बघा. त्या दिवशी सकाळपासून तंबाखू, पान, मावा काही नको. चुना आणि कात यांचे कण गालाला चिकटून बसतात आणि नसलेला चट्टा दिसतो. साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून चुळा भरा. कवळी असेल तर काढून ठेवा. कवळी लावूनच ‘टाळू बघा’ म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

वहीत आधी सवयी लिहा. काय, तोंडात कुठे ठेवता, दिवसातून किती वेळा, किती वर्षं. ‘तंबाखू खाता का’ असा प्रश्न विचारून खरं उत्तर मिळत नाही. एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, ‘आमच्या घरात कुणी तंबाखूला शिवत नाही.’ खालच्या ओठाच्या आत करडा-पांढरा, सुरकुतलेला पट्टा. मी विचारलं, सकाळी दात कशाने घासता? ‘मिश्रीने.’ अजून कधी लावता? ‘दुपारी भांडी झाली की, आणि निजताना.’ तव्यावर भाजलेली तंबाखूची पूड दिवसातून तीन वेळा हिरडीला लागत होती, पण त्यांच्या हिशेबी ते दात घासणं होतं. तेव्हा नावं घेऊन विचारा: मिश्री, गुल, तपकीर, मावा, खर्रा, गुटखा, विडा, नुसती सुपारी, बिडी, सिगारेट, दारू.

मग औषधं लिहा. दम्याचा पंप, नुकत्याच घेतलेल्या अँटिबायोटिक, साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.

## टप्पा १: पूर्ण तोंड, ठरलेल्या क्रमाने

चूक अशी होते की जो चट्टा डोळ्यांत भरला तोच बघितला जातो. दुसरा राहून जातो, आणि तो बहुतेकदा जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असतो. या दोन जागचे चट्टे जास्त जोखमीचे मानतात.

क्रम असा ठेवा. ओठ बाहेरून, मग ओठ उलटून आतून. उजवा गाल, ओठाच्या कोपऱ्यापासून पार मागच्या दाढेपर्यंत. डावा गाल तसाच. मग गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच. तंबाखूचा बार तिथेच भरतात, त्यामुळे चमच्याने गाल चांगला ओढून खाचेचा तळ दिसला पाहिजे. मग जीभ बाहेर काढून वरून, गॉजमध्ये टोक धरून एका बाजूला ओढून तिची कड, तशीच दुसरी कड, जीभ टाळूला लावून तिच्याखालचा भाग. शेवटी डोकं मागे करून टाळू.

प्रत्येक जागेवर बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा कडकपणा बोटाला कळतो.

पडताळा: तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील, तिखट झोंबत असेल आणि गाल आतून पांढुरका, ताठ लागत असेल, तर हा वेगळा आजार असू शकतो. सुपारीने गालाखालचा थर आकसत जातो. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोही कर्करोगाकडे जाऊ शकतो, आणि गेलेलं तोंड उघडणं पूर्ण परत येणं अवघड असतं. पुढचे टप्पे न करता दाखवायला जा.

## टप्पा २: जे मुळातच आजार नाही ते बाजूला काढा

गालाच्या आत, दात जिथे मिटतात त्या उंचीवर आडवी बारीक पांढरी रेघ बहुतेकांना असते. गालावर किंवा ओठाच्या आत पिवळसर रव्याएवढे ठिपके असतात, त्या तेलाच्या ग्रंथी. जिभेच्या मुळाशी उलट्या ‘व्ही’सारख्या रांगेत मोठे दाणे दिसतात, ते चवीचे. हे दाणे पहिल्यांदा दिसले की रात्रभर झोप न लागलेली माणसं सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसलेली असतात. काहींचा गाल दोन्ही बाजूंनी दुधट दिसतो आणि ताणला की दुधटपणा जातो. यातल्या कशालाच काही करायचं नाही.

## टप्पा ३: गॉजने पुसून बघा

बोटाला कोरडं गॉज गुंडाळा आणि चट्ट्यावरून दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा. ताटलीवरची साय पुसावी इतकाच जोर.

पुसून निघाला, फाटलेल्या दुधासारखा थर गॉजवर आला आणि खाली लालसर जागा दिसली, तर बहुधा बुरशी. ही कवळी रात्रंदिवस घालणाऱ्यांना, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना, साखर वाढलेल्यांना, अँटिबायोटिकनंतर किंवा प्रतिकारशक्ती उतरल्यावर होते. डॉक्टर बुरशीचं औषध देतील. पण पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकणं आणि रात्री कवळी पाण्यात काढून ठेवणं सुरू केलं नाही, तर महिन्याभरात ती परत येते. काही कारण सापडत नसेल तर रक्तातली साखर तपासा.

पुसून निघाला नाही, तर पुढच्या टप्प्यावर या.

सावध: ब्रश, नख, चमच्याची कड, मिठाचे खडे यांनी खरवडू नका. खरवडलं की जखम होते, लाली येते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला मूळ चट्टा कसा होता हेच दिसत नाही. हळद-तूप, तुरटी, लवंगेचं तेल यांचंही तेच. लवंगेच्या तेलाने स्वतःचाच पांढरा भाजका डाग पडतो.

आणखी एक: न पुसली जाणारी बुरशीही असते. म्हणजे ‘निघत नाही’ याचा अर्थ लगेच ल्युकोप्लाकिया असा लावायचा नाही.

## टप्पा ४: फोटो, तारीख, आणि कारण काढणं

आधी फोटो. टॉर्च बाजूने धरा, समोरून धरला तर थुंकीची चकाकी येते. शेजारचा दात फोटोत दिसला पाहिजे, नाहीतर जागा आणि आकार नंतर कळत नाही. वहीत तारीख, जागा, साधारण आकार लिहा: ‘डावा गाल, मागून दुसऱ्या दाढेसमोर, तुरीच्या डाळीएवढा.’

मग त्या जागेसमोर काय आहे ते बघा. तुटलेल्या दाढेची धार, निसटलेलं फिलिंग, वाढलेली अक्कलदाढ, कवळीची कड. असेल तर दवाखान्यात जाऊन ती धार घासून घ्या. दाढ दुखते म्हणून शेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवली होती का? तिने हिरडी भाजते, आणि ती गोळी थांबवली की भरून येते. जुन्या चांदीच्या फिलिंगला लागून जाळीदार पांढरं दिसत असेल तर तेही डॉक्टरला सांगा. दोन्ही गालांत जाळी विणल्यासारख्या पांढऱ्या रेघा आणि तिखटाची जळजळ असेल, तर तो बहुधा लायकेन प्लॅनस. त्यावर उपचार वेगळे, पण नजर त्यावरही ठेवावी लागते.

चट्टा बरोबर बार ठेवायच्या जागी असेल, तर कारण शोधत बसायचं काय! तंबाखू बंद. कमी नाही, बंद.

कारण काढल्यावर दोन आठवडे थांबायचं. दोनच. कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करा. नुसत्या घासण्याने झालेला किंवा तंबाखूच्या जागेवरचा नवा चट्टा एवढ्यात फिका पडायला, आकसायला लागतो.

इथे हमखास होणाऱ्या चुका सांगतो, कारण सगळी गफलत इथेच होते.

पहिली, गाल बदलणं. उजव्या गालात मावा ठेवणाऱ्या एकाला मी बंद करायला सांगितलं. दोन आठवड्यांनी आला, उजवा गाल बराच सुधारलेला, स्वारी खूश. मी सहज डावीकडची खाच ओढली तर सुपारीचा चुरा अजून ओला.

दुसरी, ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी.’ सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत घातलं. ‘बिनतंबाखूचा’ असं पुडीवर लिहिलेल्या पानमसाल्यात सुपारीच असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या तळहातावर एकत्र करणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

तिसरी, दोन आठवडे पुन्हा पुन्हा मोजणं. लग्न झालं, मग जत्रा, मग ‘आता सोमवारपासून’. वहीतली पहिली तारीख हीच खरी तारीख. ती बदलायची नाही.

पडताळा: चौदाव्या दिवशी त्याच जागेचा, तसाच फोटो काढून शेजारी ठेवा. पूर्ण गेला असेल तर ठीक, महिन्याने पुन्हा बघा. थोडा जरी राहिला असेल तर पुढचा टप्पा. ‘कमी झालाय’ म्हणजे ‘गेला’ नव्हे. आणि ज्याला काहीच कारण सापडत नाही, विशेषतः सवय नसताना चट्टा आहे, त्याने हे दोन आठवडेही घरी घालवू नयेत. सवय नसलेल्यांचा चट्टा हलका, असं समजणं चूक आहे.

## टप्पा ५: कुणाला दाखवायचं, काय सांगायचं

जवळचा दातांचा डॉक्टर चालेल. कान-नाक-घसा तज्ज्ञही चालतील. दंत महाविद्यालय जवळ असेल तर तिथला ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांचा विभाग सगळ्यांत बरा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही कार्यक्रमाचा भाग म्हणून होते, आशाताईंना विचारा.

‘तोंड आलंय’ म्हणू नका. असं सांगा: ‘डाव्या गालात पांढरा चट्टा आहे, पुसून जात नाही, अमुक तारखेला दिसला, मिश्री पंधरा वर्षं लावत होते, ती बंद करून दोन आठवडे झाले, हे दोन फोटो.’ एवढ्यात निम्मी तपासणी होते. डॉक्टर चट्टा दाबून बघतील आणि मान चाचपतील. कुणी मान न चाचपता, नुसतं लांबून बघून जेल लिहून दिलं, तर दुसरीकडे दाखवायला संकोच करू नका. मनात राग धरायची गरज नाही, आम्ही लोकही घाईत असतो.

## टप्पा ६: बायोप्सी, म्हणजे तुकडा तपासायला देणं

इथे येऊन निम्मे लोक पळतात. ‘सुरी लागली की पसरतो’ हे वाक्य कोणीतरी काकांनी सांगितलेलं असतं. तुकडा काढल्याने चट्ट्याचा कर्करोग होत नाही. ज्यांचा तुकडा काढला तेव्हा रोग आधीच पुढे गेलेला होता, त्यांची उदाहरणं गावात लक्षात राहतात, एवढंच.

होतं काय ते सांगतो. दाढ काढताना देतात तसंच बधिरतेचं इंजेक्शन. चट्ट्याचा जो भाग सगळ्यांत वाईट दिसतो, लालसर, खरबरीत किंवा जाड, तिथला काही मिलिमीटरचा तुकडा. गरज पडल्यास एक-दोन टाके. दवाखान्यात फार वेळ जात नाही, भरती व्हावं लागत नाही.

आदल्या रात्रीपासून उपाशी राहू नका, जेवून या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका; हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायची गोष्ट ती. बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका, नाहीतर गालच चावला जातो. दोन-तीन दिवस मऊ, गार जेवण: दहीभात, खिचडी निववून.

सावध: तुकड्याची बाटली तुमच्याच हातात देऊन ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ सांगितलं, तर ती त्याच दिवशी द्या. बाटलीतलं फॉर्मालिन, म्हणजे तुकडा टिकवणारं औषधी पाणी, ओतून टाकू नका, पाणी घालू नका. बाटलीवर नाव आणि जागा लिहिलीय का बघा. पिशवीत चार दिवस फिरून आलेली, झाकण सैल पडून कोरडी झालेली बाटली मी पाहिली आहे. तुकडा पुन्हा काढावा लागला.

## टप्पा ७: रिपोर्ट वाचणं

रिपोर्टमध्ये आधी एक शब्द शोधा: डिसप्लेशिया, म्हणजे पेशींची रचना बिघडणं. तो नाही, किंवा सौम्य आहे, तर सहसा सवय बंद करून नियमित तपासणी. मध्यम किंवा तीव्र असेल तर चट्टा शस्त्रक्रियेने किंवा लेझरने काढायचा सल्ला मिळतो. ‘कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोग, असा शब्द असेल तर कर्करोग रुग्णालयात जायचं, आणि तिथे जाताना रिपोर्टबरोबर लॅबमधून स्लाइड (काचेवरचा पातळ काप) व ब्लॉकही (मेणात बसवलेला तुकडा) मागून न्या. तिथले डॉक्टर ते पुन्हा तपासतात.

‘बिनाइन’, म्हणजे कर्करोग नाही, असा रिपोर्ट आला म्हणजे सुटलो, असं धरून लोक फाइल कपाटात ठेवतात. तुकडा तेवढ्याच जागेचा होता. चट्टा मोठा असेल तर बाकीचा तपासलेला नाही. चट्टा काढून टाकला तरी तो परत येऊ शकतो, दुसऱ्या जागी नवा होऊ शकतो. तंबाखू वर्षानुवर्षं सगळ्याच तोंडाला लागलेली असते.

अँटिऑक्सिडंट आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी काही चट्टे फिके होतात, हे खरं. पण त्यांनी पुढचा कर्करोग टळतो असं सिद्ध झालेलं नाही. गोळ्या चालू आहेत म्हणून तारीख चुकवली, तर मग त्या गोळ्यांनी नुकसानच केलं.

## टप्पा ८: सोडणं आणि पुढच्या तारखा

तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांत वाईट जातात. चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे भांडणं कमी होतील. राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-११-२३५६ मोफत आहे. तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. निकोटिनचं गम चघळायचं असेल तर आधी डॉक्टरला विचारा. तोंड कमी उघडत असेल किंवा आत जखम असेल तर ते जमत नाही. मिश्री लावणाऱ्यांनी डबी घरात ठेवूच नये. सवय हाताला असते, भांडी झाली की हात कोनाड्याकडे जातोच.

तपासणी किती दिवसांनी, हे रिपोर्टवर ठरतं; साधारण तीन ते सहा महिन्यांनी, आणि चट्टा गेल्यावरही. दरम्यान महिन्यातून एकदा टप्पा १ घरी करा, फोटो त्याच वहीत, त्याच दाताशेजारी. दोन तारखांच्या मध्ये चट्टा लाल झाला, जाड झाला किंवा दुखायला लागला, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. वही घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात या, नंबर नसला तरी चालेल.